कृष्णविवराला मागचं दार नसतं

काय करता, असं कुणी विचारलं की मी सांगतो, तारे दाखवतो. मग समोरचा माणूस तळहात पुढे करतो. जव्हारच्या बाजारात एका भाजीवाल्याने हात सदऱ्याला पुसून पुढे केला आणि म्हणाला, "शनी तेवढा बघा, बाकीचं चालून जाईल." शनी मी दाखवतो, कड्यासकट दाखवतो, पण तो कुणाला भोवणार हे मला कळत नाही. तसं सांगितल्यावर त्याने हात मागे घेतला आणि वरून घातलेली कोथिंबीरही.

मी फिरत्या तारांगणावर काम करतो. एका विज्ञानप्रसार संस्थेचं हे तारांगण म्हणजे जाड काळ्या कापडाचा, पाच मीटर रुंदीचा घुमट. तो जमिनीवर पसरायचा आणि मोठ्या पंख्याने एका बाजूने त्यात हवा भरत राहायची. थोड्या वेळात तो फुगून उभा राहतो. आत खांब नाही, बांबू नाही. नुसती हवा त्याला तोलून धरते. मधोमध प्रक्षेपक ठेवायचा. मुलं सतरंजीवर गोल बसतात, माना मागे टाकतात आणि भर दुपारी त्यांच्या डोक्यावर रात्र होते. एका खेळाला तीस मुलं. पस्तीस मावतात, पण मग कुणाची तरी मांडी कुणाच्या तरी पायाखाली येते आणि नेमकं मृग नक्षत्राच्या वेळी भांडण लागतं. म्हणून मी तिसावर थांबतो.

आम्ही दोघं असतो. मी बोलतो आणि भास्कर टेम्पो चालवतो. भास्कर साखरशेतचा. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतल्या आश्रमशाळा, म्हणजे मुलांनी तिथेच राहून शिकायच्या शाळा, हा आमचा मुख्य मुलूख. माझं मराठी पुस्तकातलं, मुलांच्या घरची बोली वेगळी. मधली वाट भास्कर काढतो. मी "दीर्घिका" म्हटलं की तो मागून म्हणतो, "चांदन्यांचा गाव." हे भाषांतर मला अजून सुधारता आलेलं नाही.

घुमटाला सपाट, खडे नसलेली जागा लागते. डोंगरात ती मिळणं अवघड. साखरशेतला पहिल्यांदा गेलो तेव्हा भाताची कापणी झालेली होती. शेतात घुमट पसरला तर धसकटं कापडातून वर येणार. भास्करच्या चुलत्याने आपलं खळं दिलं. नुकतंच शेणाने सारवलेलं, गुळगुळीत. त्याने अट एकच घातली, "खळ्यात चपला नाय चालायच्या. ब्रह्मदेव आला तरी." तेव्हापासून आमच्या तारांगणात सगळेच अनवाणी येतात. एकदा ठाण्याहून आलेल्या साहेबांनाही बूट काढावे लागले. मोजे फाटके निघाले, पण आत अंधार होता.

कृष्णविवराचा भाग आमच्या खेळात नंतर आला. तो यावा असं मला फार वाटत होतं, कारण एक प्रश्न सारखा येत असे. जव्हारजवळच्या एका शाळेत पाचवीतल्या मुलीने विचारलं होतं, "तारा मरतो म्हनता, मंग त्याला पुरतात कुठं?"

ताऱ्याला पुरावं लागत नाही, तो आपणच आपल्यात पुरला जातो. हे सांगायला मला आमच्या घुमटाइतकं चांगलं साधन दुसरं सापडलेलं नाही. कापडाचं वजन सतत घुमटाला खाली ओढत असतं. आतली हवा त्याला बाहेर रेटत असते. दोन्ही सारखी आहेत तोवर घुमट उभा. ताऱ्याचंही असंच. त्याचं स्वतःचं वजन त्याला आत ओढतं, पोटातली आग त्याला बाहेर रेटते. इंधन संपलं की रेटा संपतो, पंखा बंद पडल्यासारखा. सूर्यासारखा मध्यम तारा शेवटी आकसून हळूहळू निवत जातो. पण सूर्याहून कितीतरी पट जड तारा असला तर त्याचा गाभा कोसळतच जातो, आणि कधी कधी ते कोसळणं थांबवणारं काहीच उरत नाही. तेच कृष्णविवर.

ते दिसत का नाही, याचंही गणित सोपं आहे. दगड वर फेकला तर खाली येतो. सेकंदाला अकरा किलोमीटरच्या थोड्या वरच्या वेगाने फेकता आला तर पृथ्वी सोडून जाईल. आता याच पृथ्वीला दाबून दाबून गोटीएवढी केली, वजन मात्र तेवढंच ठेवलं, तर तिच्यापासून सुटायला प्रकाशाचा वेगही पुरणार नाही, आणि प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. त्याच्याहून वेगवान काहीच नाही. जिथून प्रकाश निघत नाही ते दिसणार कसं? सूर्याचं असंच करायचं तर त्याला सहा किलोमीटर रुंदीच्या गोळ्यात कोंबावं लागेल. आमची ही म्हणते, "विश्वातलं सगळ्यात जड काय ते गावभर सांगता, सिलिंडर मात्र मी उचलते." तिचा मुद्दा बरोबर आहे.

संस्थेने शहरातून ध्वनिमुद्रित करून पाठवलेल्या भागात मात्र गोटी नव्हती, पंखा नव्हता. ढोल होते आणि भारदस्त आवाज होता. शेवटचं वाक्य असं, "या राक्षसाच्या पोटात जो गेला, तो गेला. त्यातून कधीच काही बाहेर येत नाही." मुलं किंचाळायची, आणि किंचाळली म्हणजे आवडलं, असं धरून आम्ही आवाज वाढवत असू.

सूर्यमाळच्या रस्त्याला लागून असलेल्या एका आश्रमशाळेत आम्ही गेलो ती वेळ भात घरात आल्यानंतरची. या दिवसांत तिकडची बरीच कुटुंबं वीटभट्ट्यांवर जायची तयारी करत असतात. भिवंडी, वसईकडे, थेट पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. शाळेच्या मुख्याध्यापिका गावितबाई. त्यांच्या दृष्टीने वर्षातला हाच नाजूक काळ. त्या म्हणाल्या, "या आठवड्यात एखादं पोर घरी गेलं, की ते आईबापाबरोबर भट्टीवर जातं. मग आखाडातच तोंड दिसतं. नाव पुन्हा पटावर चढवता येतं, पोराला अभ्यासात चढवता येत नाही." तारांगण त्यांनी मुद्दाम त्या आठवड्यात मागवलं होतं. मुलांचं मन शाळेत रमलेलं राहावं म्हणून.

पहिल्या दिवशी सगळे खेळ छान झाले. घुमट आम्ही रस्त्याच्या बाजूला उभारला होता, सपाट जागा तिथेच होती. घुमटाला दोन दारं असतात. पुढून कापडी बोगद्यातून आत जायचं. मागे एक चेन ओढून उघडायचं दार, गरज पडली तर बाहेर पडायला. शाळेचं जेवणघर मागच्या बाजूला होतं आणि शेवटचा खेळ जेवणाच्या वेळेला संपत होता. म्हणून मुलांना मागच्या दारानेच जेवायला सोडलं. शेवटचं मूल गेल्यावर भास्करने पंखा बंद केला. घुमट हळूहळू बसला.

रस्त्यावरून त्या खेळाच्या वेळी मोळ्या घेऊन पाड्यावरच्या पाच-सहा बायका चालल्या होत्या. रांगेने मुलं आत जाताना पाहून त्या सावलीला थांबल्या होत्या. त्यांना मागची बाजू दिसत नव्हती. त्यांनी जे पाहिलं ते एवढंच : तीस मुलं काळ्या डेऱ्यात गेली. ढोल वाजले. मुलं किंचाळली. एक आवाज म्हणाला, त्यातून कधीच काही बाहेर येत नाही. कुणीही बाहेर आलं नाही. आणि डेरा जमिनीला टेकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या आवारात साठ-सत्तर माणसं उभी होती.

मुलं धडधाकट आहेत हे त्यांना लगेच दिसलं. पण त्याने प्रश्न सुटला नाही. आल्यासारखं मुलांना घेऊनच जाऊ, असं बहुतेकांचं ठरलं होतं. काही मुलांच्या पत्र्याच्या पेट्या व्हरांड्यात येऊनही पडल्या. गावितबाई या टोकापासून त्या टोकापर्यंत समजावत फिरत होत्या. सगळ्यांच्या पुढे उभी होती ती जनीबाई, नववीतल्या कल्पनाची आई. हातात रिकामी पिशवी, मुलीचे कपडे भरायला आणलेली. बरोबर सासरा, रावजीबाबा.

"बाई, पोर समोर दिसतेय ना? मग न्यायची कशाला?" गावितबाई म्हणाल्या.

"आज दिसतेय," जनीबाई म्हणाली. "रातभर माझा जीव खाली-वर झाला. पाड्यावर होते म्हनून उजाडता पळत आले. परवा आम्ही भट्टीवर. तिथं असं काय ऐकलं तं मी कशी येऊ? मुकादम सोडल का? त्यापरीस माझे डोळ्यांपुढं बरी."

 मला ते बोलणं चूक वाटलं नाही. पण गोंधळ माझ्या घुमटाने केला होता, म्हणून मी पुढे झालो आणि माझ्या सवयीप्रमाणे आकड्यांनी सुरुवात केली. म्हटलं, घाबरू नका, आपल्या दीर्घिकेच्या मधोमध जे मोठं कृष्णविवर आहे ते सुमारे सत्तावीस हजार प्रकाशवर्षं लांब आहे, आणि एक प्रकाशवर्ष म्हणजे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर.

जनीबाईने ऐकून घेतलं. "एवढं लांब हाय, तं आमचे पोरींला दावून भेव कशाला घालता?"

मागून कुणी तरी म्हणालं, "त्यांला पगार हाय त्याचा."

लोक हसले. भास्करही हसला. मी त्याच्याकडे पाहिलं तर तो म्हणाला, "सर, किलोमीटर सोडा. दुसरं कायतरी काढा."

रावजीबाबा तोवर घुमटाचं कापड बोटांत धरून पाहत होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "ते पाहिलं कोनी?"

"कुणीच नाही, बाबा. त्यातून उजेड निघत नाही, तर दिसणार कसं?"

"मंग हाय कशावरनं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला इतका नेमका कुणी विचारला नव्हता. मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात भास्कर म्हणाला, "बाबा, बोहाड्यात तुमचे घरचं सोंग कुठलं?"

बोहाडा म्हणजे इकडचा मुखवट्यांचा उत्सव. कुठल्या देवाचं, कुठल्या राक्षसाचं सोंग कुणी आणायचं हे घराण्यांनी ठरलेलं. मुखवटा चांगला जड असतो, घालणाऱ्याचा चेहरा पुरता झाकतो.

"वेताळाचं," बाबा म्हणाले. "माझे बापापासनं."

"तोंड झाकलेलं. मंग लोकांला कळतं का, आत तुम्हीच हाय म्हनून?"

बाबांनी उत्तर देण्याआधीच एक म्हातारी बोलली, "कळतं म्हंजे? डावा पाय कसा फेकतो तो. वेशीपासनं कळतं, आला फेंगड्या."

"तू गप, गिरजे."

आता हसणं वेगळं होतं, आणि मला धागा सापडला. मी म्हटलं, शास्त्रज्ञ नेमकं हेच करतात. तोंड दिसत नाही, तर चाल बघतात. आपल्या दीर्घिकेच्या मध्याजवळचे तारे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिले. एक तारा तर सोळा वर्षांत एका रिकाम्या जागेभोवती फेरी पुरी करतो, आणि जवळ आला की सेकंदाला सात हजार किलोमीटरहून जोरात पळतो. रिकाम्या जागेभोवती असं कुणी फिरत नाही. त्याच्या चालीवरून मधल्या वस्तूचं वजन काढलं. आपल्या सूर्यासारखे चाळीस लाख सूर्य घातले तरी पारडं तिकडेच झुकेल.

"आनि ते सगळं गिळतं?" जनीबाईने विचारलं.

"नाही. ते आमच्या खेळात वाढवून सांगितलंय. अगदी जवळ जाईल तेच आत पडतं. उद्या सूर्याच्या जागी सूर्याच्याच वजनाचं कृष्णविवर ठेवलं, तर आपण गारठून जाऊ, अंधार होईल, पण पृथ्वी आज फिरते तशीच फिरत राहील. ओढली जाणार नाही."

मग बाकीचं सांगायला मला जड गेलं नाही. आत पडण्याआधी वायू घासला जाऊन इतका तापतो की त्यातून क्ष-किरण निघतात. इस्पितळात हाड बघायला वापरतात तेच. ते आपल्या हवेतून खाली येत नाहीत, म्हणून त्यांच्या दुर्बिणी उपग्रहांवर बसवाव्या लागतात. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत एक झाली, की खुद्द अवकाशात लहर उठते. दोन हजार पंधरा साली अशी लहर पहिल्यांदा पकडली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या काटकोनात टाकून, त्यात लेसरचा किरण सोडून. नळीच्या लांबीत जो फरक पडला तो अणूच्या गाभ्यातल्या एका कणाच्या हजाराव्या भागाहूनही कमी होता. अशी एक वेधशाळा आपल्या मराठवाड्यातही होते आहे. आणि दोन हजार एकोणीसला जगभरातल्या रेडिओ दुर्बिणी एकाच वेळी एका दिशेला लावून, त्यांची सगळी माहिती एकत्र करून, दुसऱ्या एका दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं चित्र मिळालं. चित्र म्हणजे तापलेल्या वायूचं उजळ कडं आणि मधे काळोख. विवर त्यातही दिसत नाही. त्याची सावली दिसते.

एवढं बोलून मला वाटलं, झालं. पण जनीबाई जागची हलली नाही.

"चालच बघायची ना? आम्ही पन चालच पाहिली," ती म्हणाली. "पोरं गेली. आली नाय. कापड बसलं. मंग आमचं काय चुकलं?"

"काही चुकलं नाही," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं. "तुम्ही जे पाहिलं ते बरोबर पाहिलं. फक्त या घुमटाला मागेही दार आहे, ते रस्त्यावरून दिसत नाही."

"दाखवा."

"चला."

"असं नाय. काल केलं तसं करा. मी मागं उभी राहीन."

भास्करने पंखा चालू केला. घुमट उभा राहिला. जनीबाई जाऊन मागच्या दारासमोर उभी राहिली, तिच्याबरोबर दहा-बारा बायका. बाकीचे पुढे थांबले. आत कोण जाणार यावर थोडी ढकलाढकली झाली. शेवटी रावजीबाबा म्हणाले, "वेताळाला कसलं भेव," आणि चपला काढून बोगद्यात वाकले. आम्ही ढोल वगैरे काही लावलं नाही. बाहेर नुसती पंख्याची घरघर ऐकू येत होती.

बाबा बराच वेळ आले नाहीत. जनीबाईने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी सांगणारच होतो की आतली चेन जरा अडकते, तेवढ्यात ती सरकली आणि बाबांचं डोकं बाहेर आलं.

"काय हाय आत?" गिरजाबाईंनी विचारलं.

"गार हाय," बाबा म्हणाले. "झोप लागल अशी जागा हाय."

त्यानंतर रांग लावावी लागली. आज मोठ्यांचे खेळ आधी, मुलांचे नंतर, असं गावितबाईंनी जाहीर करून टाकलं. जनीबाई कल्पनाला घेऊन पहिल्याच खेळाला आत बसली. कृष्णविवराचा भाग आला तेव्हा मी मुद्रित आवाज बंद केला. स्वतः बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात अंधारात कल्पनाचा आवाज यायला लागला. ती आईला आपल्या बोलीत सांगत होती. मला निम्मं समजलं. पंखा बंद पडल्यावर डेरा बसतो तसा तारा बसतो, हे तिने आदल्या दिवशी, मुद्रित भाग लागण्याआधी, माझ्याकडून ऐकलेलं होतं. चाळीस लाख सूर्य आणि बोहाड्यातली चाल तिने सकाळी व्हरांड्यातून ऐकली असावी. राक्षस तिने वगळला. आईने मधे दोनदा काही विचारलं, तिने सांगितलं. शेजारच्या बायकाही तिच्याकडे कान लावून बसल्या.  इतक्या वर्षांत माझा सगळ्यात चांगला झालेला खेळ हा, आणि त्यात मी बोललो नाही.

पुढे संस्थेला कळवून आम्ही तो ढोलांचा भाग काढून टाकला. घुमट आता असा लावतो की दोन्ही दारं लोकांना दिसतील. शहरातल्या एका शाळेत शिक्षकांनी तक्रार केली की मुलं पूर्वीसारखी किंचाळत नाहीत. त्याची मला थोडी चुटपुट लागते, नाही असं नाही. किंचाळी हीही एक पावती होती.

त्या दिवशी दुपारपर्यंत व्हरांड्यातल्या बऱ्याच पेट्या परत आत गेल्या. सगळ्या नाही. काही पालकांनी मुलं नेलीच, त्यांची कारणं घुमटाशी संबंधित नव्हती. गावितबाई जनीबाईकडे आल्या. 

जनीबाई कल्पनाला म्हणाली, "मुकादमाचा नंबर बाईंजवळ ठेव. आठवड्यानं फोन कर."

"बरं."

"मी बरी हाय, असं सांगू नको. ते सगळीच सांगतात. दुसरं कायपन बोल."

"काय बोलू?"

"कायपन. आज काय शिकवलं, काय खाल्लं. आवाजावरनं मला कळतं, जेवलीस का नाय ते."

तिने रिकामी पिशवी घडी करून कमरेला खोचली आणि सासऱ्याला हाक मारली. रावजीबाबा दुसऱ्या खेळाच्या रांगेत उभे होते. ते म्हणाले, "तू हो पुढं, मी येतो."

आम्ही पुढच्या खेळाची सतरंजी झटकत होतो तेव्हा मला ती रस्त्याने एकटी उतरताना दिसली. कल्पना मागच्या दाराशी उभी राहून घुमटाच्या कडेने आईकडे पाहत होती. जनीबाईने वळून पाहिलं नाही. मुलगी कुठे उभी आहे, हे तिला ठाऊक होतं.